शिबिर संपतं, शोषखड्डा तुंबतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मागच्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची बातमी आली. त्या मेळाव्याला मी हजर होते. बातमीत छापलंय ते सगळं खरं आहे. सभागृह भरलं होतं, जुन्या प्राध्यापकांचे सत्कार झाले, जेवायला वडाभात होता. जे छापलं गेलं नाही, म्हणजे कॉलेज सुटल्यावर मुलींचा धागा कसा तुटतो, त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

दाराशी नोंदवही होती. मी माझं नाव सांगितलं. टेबलावरच्या मुलाने यादी दोनदा वरखाली पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव नाही यात." मग माहेरचं आडनाव सांगितलं, तर ते निघालं. पुढे पत्ता माझ्या वडिलांच्या घराचा. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि ते घर विकलं त्यालाही बारा. मला निमंत्रण पोचलं ते माझ्या धाकट्या दिरांमुळे, तेही त्याच कॉलेजचे म्हणून. यादीत मुलांच्या नावांपुढे फोन, हुद्दा, गाव सगळं व्यवस्थित भरलेलं. आमच्या वर्गातल्या एकवीस मुलींपैकी सतरा जणींपुढे पेनाने 'संपर्क नाही' असं लिहिलेलं होतं. त्या सतरांतल्या सहा जणींशी मी त्याच सकाळी फोनवर बोलून घरून निघाले होते.

व्यासपीठावर एकही बाई नव्हती. आम्हा चौघी-पाच जणींना सुरुवातीलाच बोलावलं, ते पाहुण्यांच्या औक्षणाचं तबक धरायला. मी तबक धरलं, कारण समोर माझे जुने सर होते आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. राळेगाव तालुक्यात राहते. कॉलेजात असताना आम्ही अकरा मुली राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत सुरू झाली, पहिल्या वर्षी 40 हजार विद्यार्थी होते, हे आमचे कार्यक्रम अधिकारी पहिल्याच बैठकीत पाठ करून घ्यायचे. दोन वर्षांत 240 तास काम, एक सात दिवसांचं निवासी शिबिर, मग प्रमाणपत्र. कोणार्कच्या चाकाचा बिल्ला छातीवर लावला की आम्हाला आपण फार मोठं काही करतो आहोत असं वाटायचं. त्या वयात तसं वाटणं चांगलंच असतं.

1987 च्या जानेवारीत आमचं शिबिर एका खेड्यात झालं. मुलींची झोपायची सोय शाळेत, मुलांची समाजमंदिरात. सकाळी प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. आमच्या गटाकडे शोषखड्ड्यांचं काम होतं. न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी गल्लीतून वाहायचं, त्यात डुकरं लोळायची. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असा खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर विटांचे तुकडे. वर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, मडक्यात गवताची पेंढी, म्हणजे घाण गवतात अडकते आणि पाणी तेवढं खाली जातं. सात दिवसांत आम्ही चौदा खड्डे केले. हाताला फोड आले होते, तेही आम्ही एकमेकींना कौतुकाने दाखवत होतो.

शेवटच्या दिवशी, ज्यांच्या अंगणात चौदावा खड्डा होता त्या आजी ओसरीवर बसून पाहत होत्या. आमचा निरोपाचा नमस्कार झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीहो, तुमी सात दिवसासाठी येता, गड्डा खंदता अन् जाता. मंग हा गड्डा साफ कोन करन?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. परत येताना एसटीच्या मागच्या बाकावर आम्ही अकरा जणी जवळजवळ गप्पच होतो. कळंबच्या पुढे गाडी आल्यावर आमच्यातली एक, जी पुढे परिचारिका झाली, ती म्हणाली की पुढच्या संक्रांतीला आपण जाऊ आणि खड्डे बघू. तेवढाच ठराव झाला. त्याला शपथ म्हणा हवं तर.

पुढच्या वर्षी आम्ही खरंच गेलो, कॉलेजला न सांगता, स्वतःच्या पैशाने. चौदापैकी अकरा खड्डे तुंबलेले होते. वर हिरवट पाणी, त्यावर डास. ज्या घरांसमोर आधी नुसतं पाणी वाहायचं, तिथे आता डबकं साचलं होतं, म्हणजे आमच्या श्रमदानाने त्या घरांचं नुकसानच झालं होतं. कारण साधं होतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपली कापसाची काळी माती चिकण असते. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी आत घेत नाही. तीन फुटांवर थांबलं तर खड्डा म्हणजे नुसता हौद होतो. खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, मग तो कुठे पाच फुटांवर लागतो, कुठे सात. हे आम्हाला आजींच्या मुलाने सांगितलं. ते विहिरीच्या कामावर जायचे. दगड काढून, धुऊन, खड्डे आणखी खोल करून परत भरले. त्या वर्षी तीनच खड्डे झाले, पण ते अजून चालू आहेत. गवत दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचं, दगड दोन-तीन वर्षांनी काढून धुवायचे, हे घरातल्या बायांना समजावून दिलं. मला सेवेबद्दल जे काही कळलं ते त्या दुसऱ्या खेपेत कळलं. पहिल्या खेपेचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

नंतर लग्नं झाली. कुणी आर्णीला गेली, कुणी हिंगणघाटला, एक थेट गोंदियाला. फोन कुणाच्याच घरी नव्हता. आम्ही एक दोनशे पानी वही केली. ती एकीने दुसरीला पाठवायची, मिळाल्यावर आपलं लिहायचं आणि महिन्याच्या आत पुढे द्यायची. कधी पोस्टाने, कधी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. तीत सासू, बाळंतपणं, बदल्या सगळं आहे, आणि त्याच पानांवर कुठल्या गावातल्या मुलीचं चौथीनंतर शाळेचं काय झालं, कुणाला चष्मा लागला, कुणाचं लग्न पंधराव्या वर्षी ठरलंय ते थांबवायला कोण जाणार, हेही आहे. अशा चार वह्या भरल्या. दोघींच्या सासरी वही पोचणं बंद झालं, कारण घरच्यांना ते आवडत नव्हतं. त्या दोघींचा मला आजही पत्ता नाही. त्यांच्या नावापुढे 'संपर्क नाही' हे मलाही लिहावं लागेल, आणि ते लिहिताना हात जड होतो.

2006 साली आमच्यातल्या एकीच्या यजमानांनी कर्जापायी विष घेतलं. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिल्याची बातमी 1986 च्या मार्चमध्ये आली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि होस्टेलच्या खोलीत ती वाचून रडलो होतो. वीस वर्षांनी ते आमच्याच दारात आलं. दिवस होईपर्यंत आम्ही आळीपाळीने तिच्याकडे राहिलो. पण खरं काम तेराव्यानंतर सुरू झालं. शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. जमीन सासऱ्यांच्या नावावर, कर्ज सोसायटीचं आणि सावकाराचं, फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावबदल, झालेला नाही. तिला वारस नोंद हा शब्दही माहीत नव्हता. आमच्यातली एक पोस्टात होती, तिला कागद वाचायची सवय. ती आठ वेळा तिच्याबरोबर तलाठ्याकडे आणि तहसीलला गेली. सातबाऱ्यावर तिचं आणि दोन मुलांचं नाव चढायला चौदा महिने लागले. ज्या दिवशी तो उतारा हातात आला, त्या दिवशी तिने तो आम्हाला वाचून दाखवला, सगळा, पिकांच्या रकान्यासकट. आज तीच आमची वारस नोंदीची जाणकार आहे. आजूबाजूच्या गावांतल्या अशा बाया तिच्याकडे पिशवीत कागद घेऊन येतात, ती चहा टाकते आणि एकेक कागद चटईवर मांडून सांगते की यात काय कमी आहे.

2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा तोंडावर येत होता. आमच्या परिचारिका मैत्रिणीने शेतकऱ्यांच्या सभेऐवजी बायांच्या बैठका घेतल्या, कारण फवारणीला पाणी बाया वाहतात आणि ते कपडेही बायाच धुतात. कपडे वेगळे भिजवा, हातात पिशवी घालून धुवा, डोळे चुरचुरले, मळमळलं, दम लागला तर वाट बघत बसू नका, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डबा सोबत न्यायचा, कारण कोणतं औषध अंगावर गेलं ते डॉक्टरला कळलं पाहिजे. एवढंच सांगायचं, पण गावोगाव आणि पुन्हा पुन्हा.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझी भाची अमेरिकेत अटलांटा शहरात सार्वजनिक आरोग्याचं शिकते. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा वह्या चाळत होती आणि म्हणाली, "मावशी, तिकडे याला सोरोरिटी म्हणतात." मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ. तिने सांगितलं ते ऐकून आणि मग स्वतः शोधून वाचून मी इथे लिहिते आहे. तिथल्या सगळ्याच मंडळांचं मला कौतुक नाही. काही नुसती हौसेची आणि पैसेवाल्यांची असतात, नव्या मुलींना छळण्याचेही प्रकार तिथे झाले आहेत. पण कृष्णवर्णीय मुलींनी काढलेल्या मंडळांची गोष्ट वेगळी आहे. अल्फा कप्पा अल्फा हे त्यातलं पहिलं, 1908 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेलं. पुढे अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस याच विद्यापीठात याच मंडळाच्या सदस्य झाल्या. त्याच विद्यापीठात 1913 मध्ये 22 मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा काढलं आणि दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, बाईला मताचा अधिकार मिळावा म्हणून निघालेल्या मोर्चात त्या चालल्या. 1922 चं सिग्मा गॅमा ऱ्हो तर इंडियानापोलिस शहरात सात शाळामास्तरणींनी सुरू केलेलं. हे वाचून मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

तिथे पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. उलट पदवीधर बायांच्या शाखा वेगळ्या असतात, गावागावात, शहराशहरात. लग्न होवो, आडनाव बदलो, बदली होवो, नव्या गावी गेलं की तिथल्या शाखेत नाव घालायचं. भाचीच्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त बाई सत्तरीच्या आहेत. दर शनिवारी अल्फा कप्पा अल्फाच्या रंगांचे, गुलाबी-हिरवे कपडे घालून मुलांना वाचायला शिकवायला जातात. भाचीने विचारलं, तुम्ही कॉलेजात असताना या मंडळात होतात का? तर त्या म्हणाल्या, होते काय, आहे.

आणखी एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. 1935 च्या उन्हाळ्यात अल्फा कप्पा अल्फाच्या शिकलेल्या बाया, डॉक्टर, नर्स, शिक्षिका, स्वतःच्या मोटारी चालवत मिसिसिपी राज्याच्या खेड्यांत गेल्या. डॉ. डोरोथी फेरेबी त्यांच्या प्रमुख. तो कापसाचा मुलूख. शेत मालकाचं, राबणारी कुटुंबं कृष्णवर्णीय, आपल्याकडच्या बटईसारखी पद्धत आणि मालकाच्या वहीतलं कधी न फिटणारं देणं. मालक मजुरांना दवाखान्यात येऊ देईनात. तेव्हा या बायांनी दवाखानाच मोटारीत घातला आणि शेतावर नेला. घटसर्प आणि देवीच्या लशी टोचल्या, दात तपासले, काय खावं ते सांगितलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात परत गेल्या. त्याच्या पुढच्याही. असे कितीतरी उन्हाळे. भाची हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या आजींची ओसरी आली.

अमेरिकेतल्या त्या कृष्णवर्णीय समाजात जो सिकलसेलचा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, तोच आपल्या विदर्भातही आहे, आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त. आमच्या गटाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली काही वर्षं तेच काम घेतलं आहे. आमच्या हळदीकुंकवाला विधवा मैत्रीण पहिली बसते, हा आमचा नियम. तिळगूळ द्यायचा आणि लग्नाच्या वयाच्या पोरापोरींची तपासणी झाली का ते विचारायचं. मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात आजाराचा अंश असलेले, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही कुणाचं लग्न मोडत नाही. कुंडलीबरोबर रक्ताचा कागदही बघा, मग ठरवा, एवढंच सांगतो. पहिल्या वर्षी एका आईने मला दारातून परत पाठवलं, तिला वाटलं मी तिच्या मुलीला डाग लावायला आले. तिसऱ्या वर्षी ती स्वतः मुलीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तिसऱ्या वर्षी, हे मी मुद्दाम लिहिते. एकदाच जाऊन आलो असतो तर तिच्या लेखी आम्ही डाग लावणाऱ्याच राहिलो असतो.

आपल्याकडे मुली कॉलेजात काही कमी करत नाहीत. पथनाट्य, रक्तदान, ग्रामस्वच्छता, सगळ्यात पुढे असतात. गाडगेबाबांच्या नावाने तर आपलं विद्यापीठच आहे. पण बी.ए.चा शेवटचा पेपर झाला की त्यांचा धागा तुटतो. मुलगा गावातच राहतो, त्याचं नाव तेच राहतं, तो माजी विद्यार्थी संघाचा सचिव होतो. मुलीचं नाव, गाव, पत्ता सगळं एका दिवसात बदलतं आणि कॉलेजच्या लेखी ती नाहीशी होते. ती काही काम सोडून देत नाही. ती आर्णीला असते, वरोऱ्याला असते, तिथे तिला हाक मारणारं कुणी नसतं.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून महाविद्यालयांना माझी विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मुलींसाठी दोन्ही नावांचा रकाना ठेवा आणि आईवडिलांचा पत्ता जुना झाला की आमच्यासारख्यांना विचारा, आम्ही शोधून देऊ. सेवा योजनेच्या माजी स्वयंसेविकांची तालुकावार यादी करा. नवीन सून म्हणून मुलगी राळेगावला आली तर तिला कळू द्या की इथे तुझ्या आधीच्या अमुक जणी आहेत. आणि दत्तक गाव दरवर्षी बदलू नका. चौदा गावांत सात-सात दिवस जाण्यापेक्षा एका गावात चौदा वर्षं जा. खर्च काहीच नाही. महिला सन्मान योजनेमुळे 2023 पासून आम्हा बायांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्या गटातल्या हिंगणघाटच्या आणि आर्णीच्या मैत्रिणींचं येणं पुष्कळ वाढलं आहे. घरी पैसे मागावे लागत नाहीत, हे त्यातलं मोठं.

मेळाव्यात तबक धरणाऱ्या आम्हा बायांत मागच्या वर्षीच पदवीधर झालेली एक मुलगी होती. तिने मला हळूच विचारलं की काकू, तुम्ही बाकीच्यांना कसं शोधलं? मी तिला वह्यांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यावर सकाळच्या शुभेच्छांशिवाय काही येत नाही, काय टाकू? मी तिला म्हटलं, तारीख टाक आणि गावाचं नाव टाक. येत्या रविवारी ती आणि तिच्या चार मैत्रिणी आमच्याबरोबर आजींच्या गावी येताहेत. आजी आता नाहीत, त्यांची नातसून त्या घरात आहे. तिथले दगड काढून धुतल्याला यंदा तीन वर्षं झाली. आम्ही अकरांपैकी नऊ उरलो, त्यातल्या सात जणींना अजून वाकता येतं. टिकाव आणि घमेली सरपंचबाईंनी देते म्हटलं आहे. मुलींना जुनी चप्पल आणि डबा आणायला सांगितलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

(मैत्रिणींनी आपली नावं छापायला नको म्हटलं आहे, म्हणून माझंही छापू नये ही विनंती.)